खुफूकडे क्रेन नव्हती

दमिएत्ताहून आलेला नीश टेम्पोवाल्याने गल्लीत उतरवला, "मुबारक असो" म्हणाला आणि टेम्पो वळवून निघून गेला. तेव्हा कुठे उस्ताद वग्दींच्या डोक्यात आलं की, आपण जिना मोजायला हवा होता.

नीश म्हणजे काचेचं कपाट. गीझात मुलीच्या संसारात एखादी खुर्ची कमी असली तर लोक दुर्लक्ष करतात, पण नीश नसेल तर मुलीचे आईबाप जिवंत आहेत ना, अशी चौकशी सुरू होते. त्यात उत्तमातली उत्तम कपबशी मांडतात आणि ती जन्मात वापरत नाहीत. वग्दींच्या स्वतःच्या घरी असा एक नीश होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी त्यातल्या एका कपातून चहा प्यायचा प्रयत्न केला होता. सुहैरबाईंनी तो कप त्यांच्या हातातून काढून घेतला, धुतला, पुसला, पुन्हा आत ठेवला आणि किल्ली कुठे ठेवली ते आजतागायत सांगितलेलं नाही.

तर हा नीश वग्दींच्या मुलीचा, रदवाचा. आज नव्या घरात सामान लावायचा दिवस. दुपारच्या नमाजेनंतर मुलाकडच्या बायका घर बघायला येणार होत्या. बघायला म्हणजे तपासायलाच. मुलाचे, म्हणजे तामिरचे वडील हाजी बदरावी हे बांधकामाचे ठेकेदार. इमारत त्यांची, फ्लॅट त्यांनी दिलेला, पलंग-सोफे त्यांचे, आणि वग्दी सरकारी शाळेत इतिहास शिकवणारे मास्तर. साखरपुड्यात बदरावींच्या एका बहिणीने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं होतं, "मास्तरकडून काय येणार, पुस्तकं?" ते वाक्य वग्दींना अजून सलत होतं. आपली पोर या घरात जन्मभर असलं ऐकत राहणार, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. म्हणून त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं होतं की, रदवाचा नीश दमिएत्ताच्या कारागिराकडून येईल, बीच लाकडाचा, एकसंध! बाजारात मिळतो तसला तुकडे जोडलेला नव्हे. हा 'एकसंध' शब्द त्यांना इतका आवडला की, पुढे प्रत्येक भेटीत तो निदान दोनदा तरी यायचा.

आणि तो एकसंध नीश आता एकसंधपणे गल्लीत उभा होता, अंगावर घोंगड्या गुंडाळून. हमालांनी तो जिन्यात घातला. पहिल्याच वळणावर त्याचं डोकं वरच्या जिन्याला आणि पाय खालच्या भिंतीला टेकले. हमालांनी तो आडवा केला, तिरपा केला, आणखी एका प्रकारे केला ज्याला नाव नाही, आणि बाहेर आणून ठेवला. जिना अरुंद होता याचं कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. फ्लॅट मोठे व्हावेत म्हणून बदरावींनी जिन्यातून जागा चोरली होती. लिफ्टची विहीर मात्र ऐसपैस होती. लिफ्ट तेवढी यायची होती, अनेक वर्षांपासून.

"अहो, जरा इकडे या," सुहैरबाई हळूच म्हणाल्या.

"थांब गं," वग्दी म्हणाले. पुरुषमाणूस संकटाकडे टक लावून बघत असताना बायकोने हाक मारू नये, असं त्यांचं मत होतं.

इतक्यात दुसऱ्या मजल्यावरच्या, म्हणजे रदवाच्याच नव्या घराच्या गॅलरीतून हाजी बदरावींचा आवाज आला. ते हातात चहाचा पेला घेऊन कठड्यावर रेलले होते.

"काय व्याहीबुवा, अडला का? माझी क्रेन मागवू? एक फोन करतो, चहा संपायच्या आत नीश वर!"

वाक्य साधं होतं, प्रेमाचंही असेल. पण वग्दींना त्यात पुढची वीस वर्षं ऐकू आली. प्रत्येक ईदला, प्रत्येक बारशाला बदरावी पाहुण्यांना सांगताहेत: तो नीश ना, माझ्या क्रेननं चढवला हो, मास्तरांचा कुठला चढतोय! त्यांनी मान वर केली. गल्लीच्या तोंडाशी, दोन इमारतींच्या फटीत, खुफू राजाच्या मोठ्या पिरॅमिडचं टोक दिसत होतं. ते रोजच दिसतं, त्यामुळे तिकडे कोणी बघत नाही. वग्दींनी बघितलं, आणि जे बोलायला नको होतं ते बोलून गेले.

"हाजीसाहेब, खुफूकडे क्रेन नव्हती!"

इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली. समोरच्या मादाम इनायात कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी चिमटे टोपलीत टाकले. वग्दी पिरॅमिडवर बोलायला लागले की किती वेळ जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आज ते नुसते बोलणार नव्हते.

वग्दींचा सिद्धांत जुना आणि सरळ होता. वाळूचा चढाव करायचा, वाळू ओली करायची, आणि घसरपाटावर ठेवून दगड वर ओढायचा. वाळूत पाणी नेमकं मिसळलं की ओढायला निम्मं बळ लागतं. एका प्राचीन चित्रात घसरपाटापुढे पाणी ओतणारा माणूस आहे. वर्गात त्या माणसाचा विषय निघाला की वग्दींना तासाची घंटा ऐकू यायची नाही. इतक्या वर्षांत त्यांना फक्त एक गोष्ट मिळाली नव्हती, ती म्हणजे वर चढवायला काहीतरी जड वस्तू. आता ती मिळाली होती.

बदरावी चहा टाकून खाली आले. त्यांचा सिद्धांत त्यांच्या धंद्याला शोभणारा होता. "व्याहीबुवा, एवढे मोठे दगड ओढत बसायला त्या लोकांना काय वेड लागलं होतं? साचे लावले, चुनखडीचा लगदा केला, ओतला, सुकला, साचा काढला. काँक्रीट आहे ते सगळं! मी हात लावून सांगतो."

"मग आता नीशसुद्धा वरच ओता," वग्दी म्हणाले.

इस्त्रीवाला हसला. बदरावींना ते लागलं. ते म्हणाले, "करा तुम्ही तुमचा चढाव. वाळू माझी घ्या, फळ्याही माझ्या घ्या. मी खुर्ची टाकून बघतो." आणि त्यांनी खरोखरच खुर्ची मागवली.

गल्लीच्या टोकाला बदरावींच्याच नव्या बांधकामाची वाळू पडली होती. हमाल ढकलगाड्यांनी वाळू आणू लागले. घसरपाट म्हणून रदवाच्या न्हाणीघराचं दार बिजागरीतून काढून आणलं. (हे दार नंतर बसलं, पण तेव्हापासून ते पूर्ण लागत नाही. पाहुण्याने आत गाणं म्हणावं अशी त्या घराची रीत आहे.) चढाव गॅलरीपर्यंत न्यायचा तर त्याचा पायथा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, भाकरीच्या दुकानाच्याही पलीकडे येत होता. वग्दींनी ही अडचण मनावर घेतली नाही. विद्वानांनीही घेतलेली नाही.

"अहो, ऐका तरी," सुहैरबाई पुन्हा म्हणाल्या. त्यांच्या मागे रदवा उभी होती आणि आईला कोपराने ढोसत होती. "तो नीश आहे ना..."

"सुहैर, इथं प्रयोग चाललाय!"

सुहैरबाईंनी खुर्चीत बसलेल्या व्याह्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, ओठ मिटले आणि मुलीला घेऊन वर निघून गेल्या.

पाण्याचं काम निवृत्त पाटबंधारे अभियंते अनीस बुत्रुस यांनी न विचारता अंगावर घेतलं. ते तळमजल्यावर राहत आणि गल्ली त्यांना बाशमुहंदिस, म्हणजे इंजिनियरसाहेब, म्हणे. आयुष्यभर कालव्यांचे दरवाजे उघडण्या-मिटण्यात गेलेला हा माणूस, जगात जे काही वर गेलं ते पाण्यानेच गेलं, अशा श्रद्धेचा. "वग्दी, चढाव वगैरे ठीक आहे, पण दगड तरंगत वर गेले. पाण्याची उभी नळी होती, दगडाला फुगवलेल्या पखाली बांधायच्या आणि खालून सोडायचा. ही लिफ्टची विहीर बघ, देवानं दिल्यासारखी! तळाशी पाणी तर आहेच."

"ते गटाराचं आहे, बाशमुहंदिस," बदरावी खुर्चीतून म्हणाले.

"तरंगायला चालतं."

"आणि चिनी मातीच्या बशा? त्या काय गटारात पोहून वर जाणार?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

मादाम इनायात वरून ओरडल्या, "अरे, उगाच डोकी फोडू नका! पिरॅमिड कुराणातल्या आद जमातीच्या राक्षसांनी बांधले. ताडमाड माणसं होती ती, दगड असे उचलायची, मी ही टोपली उचलते तसे. माझा भाचा तेवढाच उंच आहे, पाठवू का त्याला?" भाचा आला. तो खरंच उंच होता. त्याने नीशला हात लावला, कंबर धरली आणि घरी गेला.

चढाव माणसाच्या छातीइतका झाला तेव्हा वग्दींनी पाणी सोडायला सांगितलं. "जरासं," ते म्हणाले. "नेमकं. वाळू हातात घेतली तर गोळा व्हावा, पण..." अनीस बुत्रुस यांना 'जरासं' हा शब्द कळत नसे. त्यांनी नळ सोडला तो कालवा सोडल्यासारखा. वाळूचा चिखल झाला. हमालांनी "हेला हूप" म्हणून दोर ओढला, नीश न्हाणीघराच्या दारावर आडवा पडून भारदस्तपणे चढू लागला, अर्ध्यावर गेला, आणि वग्दींचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. साडेचार हजार वर्षांनी कोणीतरी पुन्हा ओल्या वाळूवरून ओझं ओढत होतं, आणि ते त्यांच्या मुलीचं होतं.

मग नीश उलटा निघाला. हमालांनी दोर सोडला, कारण दोर न सोडता त्यांना नीशबरोबर जावं लागलं असतं. नीश चढावावरून सुळकन खाली आला, रस्ता ओलांडला आणि इस्त्रीवाल्याच्या दुकानाच्या दाराला तंतोतंत बसला. इस्त्रीवाला आत होता. तासभर तो नीशच्या वरच्या फटीतून गिऱ्हाइकांचे कपडे देत-घेत राहिला, आणि धंदा नेहमीपेक्षा बरा झाला असं त्याने नंतर कबूल केलं. काच फुटली नाही. घोंगड्या सुहैरबाईंनी बांधल्या होत्या.

नीश ओढून पुन्हा चढावाच्या पायथ्याशी आणला तेवढ्यात वॉर्ड ऑफिसचे निरीक्षक रिफअत आले. बोलावलं कोणी ते कळलं नाही. गीझात रस्ता खचला तर निरीक्षक महिनाभर येत नाहीत, पण वाळूचा ढीग पडला की त्यांना वास येतो.

"हे काय बांधकाम आहे?"

"बांधकाम नाही, चढाव आहे," वग्दी म्हणाले.

"परवाना?"

"चढावाला परवाना लागतो?"

"जमिनीवर उभं राहिलेल्या सगळ्याला लागतो. कशासाठी आहे हा?"

वग्दींनी छाती पुढे काढली. "ऐतिहासिक प्रयोग आहे."

इथे त्यांचं चुकलं. लग्नाचं सामान म्हणाले असते तर निरीक्षक मुबारक म्हणून सरबत घेऊन गेले असते. 'ऐतिहासिक' म्हटल्यावर त्यांनी पिरॅमिडच्या टोकाकडे बोट केलं. "हा पुरातत्त्व खात्याच्या हद्दीतला भाग. इथं ऐतिहासिक काही करायचं तर त्यांचीही परवानगी पाहिजे. ती आमच्या परवान्याशिवाय मिळत नाही, आणि आमचा परवाना त्यांच्या परवानगीशिवाय देता येत नाही."

"मग लोक काय करतात?"

"करत नाहीत. नियम त्यासाठीच आहे." त्यांनी नीशकडे बघितलं. "आणि ही रस्ता अडवणारी वस्तू. जप्त करावी लागेल. गाडी मागवली आहे."

वग्दींच्या पायांखालची वाळू, जी आधीच ओली होती, सरकली. "साहेब, माझ्या मुलीचा नीश आहे हो! दुपारनंतर तिच्या सासरच्या बायका येताहेत. आज तो वर दिसला नाही तर तिला जन्मभर ऐकावं लागेल. मला वाटेल तो दंड करा, पण तिच्या वस्तूला हात लावू नका." हे ते व्याह्यांसमोर बोलले, आणि बोलताना त्यांना आपल्या मोठेपणाची आठवणही झाली नाही. बदरावी खुर्चीतून उठून उभे राहिले.

मग बदरावी निरीक्षकाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "चला, कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसू. पंचनाम्याला टेबल लागेल, आणि गाडी यायला वेळ आहे." ठेकेदाराला अशा वेळी काय करायचं ते शिकवावं लागत नाही. वग्दी आणि अनीस बुत्रुस मागोमाग गेले, हमालही जेवायला गेले.

हॉटेलात चहा आला, फूल नावाची तिथली घट्ट उसळ आली, भाकरी आली. निरीक्षकांनी कागद काढला, पेन उघडलं आणि सहज विचारलं, "पण मला सांगा, चढाव सरळ का केलात? मुळात पिरॅमिड वरून खाली बांधलाय."

"म्हणजे?" तिघेही एकदम म्हणाले.

"डोंगर होता. टोकापासून कोरत खाली आले. मी विचार केलाय यावर. ऑफिसात वेळ असतो."

झालं. बदरावींनी टेबलावर साखरेच्या वड्यांचा साचा मांडला. अनीस बुत्रुस यांनी त्यावर पाणी ओतून वड्या तरंगत नाहीत हे सिद्ध केलं, जे त्यांना सिद्ध करायचं नव्हतं. वग्दी बशीत चढाव काढू लागले. पेनाची शाई वाळली. नमाजेची अजान झाली तरी भानावर कोणी आलं नाही. आलं ते नमाजेहून परतलेल्या इस्त्रीवाल्याच्या हाकेने.

"उस्ताद! तुमचा नीश नाहीये जागेवर!"

वग्दी धावले. चढाव होता, चिखल होता, न्हाणीघराचं दार होतं. नीश नव्हता. गाडी येऊन गेली, त्यांनी ओळखलं. आपण पिरॅमिडवर वाद घालत बसलो आणि पोरीचा नीश सरकारी गोदामात गेला. ते जिन्याकडे वळले. जिन्यात त्यांना वरून बायकांचे आवाज ऐकू येत होते. म्हणजे सासरच्या आल्यासुद्धा. प्रत्येक पायरीवर त्यांनी मुलीला सांगायचं वाक्य जुळवलं आणि पुढच्या पायरीवर ते मोडलं.

"रदवा, बाळा," दारातूनच ते म्हणाले, "नेला गं त्यांनी..."

बैठकीत, बरोबर मधल्या भिंतीला, नीश उभा होता. काचा लखलखत होत्या. आत कपबश्या ओळीने बसल्या होत्या. आणि साखरपुड्यात पुस्तकांची चौकशी करणारी ती बदरावींची बहीण काचेला नाक लावून म्हणत होती, "बाई बाई, काय काम आहे! एकसंध दिसतोय अगदी." बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. कोपऱ्यात तामिरची आई, म्हणजे वग्दींच्या विहीणबाई, चपला काढून बसल्या होत्या आणि ओढणीच्या टोकाने वारा घेत होत्या. कपाळावर घाम होता आणि कोपरापर्यंत वाळू.

मागून बदरावी धापा टाकत आले. "चढला? अहो, कसा चढला?"

"मला काय विचारता?" विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या व्याह्यांना विचारा. चढाव त्यांचा."

सगळे वग्दींकडे बघू लागले. वग्दी आयुष्यात पहिल्यांदा पिरॅमिडच्या प्रश्नावर गप्प राहिले आणि पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. तिथे सुहैरबाई बोटाला पट्टी बांधत होत्या आणि रदवा हसू दाबत होती.

"सुहैर, खरं सांग."

"दोन तुकडे आहेत त्याचे," सुहैरबाई म्हणाल्या. "खाली कपाट, वर काच. मागच्या नक्षीच्या पट्टीखाली स्क्रू. कारागिरानं मला दाखवलं होतं. तुम्ही तेव्हा त्याला खुफूबद्दल सांगत होतात."

"मग सकाळीच का नाही बोललीस?"

"तुमच्या एकसंधचं काय केलं असतं? व्याही समोर खुर्ची टाकून बसलेले! इकडे या, इकडे या म्हणून घसा बसला माझा."

"मग तुम्ही हॉटेलात गेलात," रदवा म्हणाली, "आणि तेवढ्यात तामिरच्या आई आल्या. आम्ही स्क्रू काढताना त्यांनी पकडलंच. आईचा चेहरा पांढरा पडला, बाबा. तर त्या चपला काढून म्हणाल्या, 'सरका, मला धरू द्या. माझाही नीश असाच एकसंध आला होता, तीन तुकड्यांत. ह्यांना अजून माहीत नाही.' तामिरनं खालची बाजू धरली आणि आम्ही वर."

वग्दी खाली बसले. त्यांनी पट्टी बांधलेलं ते बोट हातात घेतलं. मग म्हणाले, "लागलं का फार?"

"नाही. पण बाहेर एक शब्द काढाल तर बघा. विहीणबाईंना शब्द दिलाय मी."

निरीक्षकांनी पंचनामा केला नाही. जप्त करायला वस्तूच उरली नव्हती, आणि चढावाची वाळू बदरावींनी संध्याकाळपर्यंत उचलली. लग्न थाटात झालं. रदवा सुखात आहे, नीशमधल्या कपातून अजून कोणी चहा प्यायलेलं नाही.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात मात्र नवा विषय आला. बदरावी सांगतात, मास्तरांनी गुपचूप दुसऱ्याची क्रेन आणली. अनीस बुत्रुस म्हणतात, लिफ्टच्या विहिरीत त्या दिवशी पाणी चढलेलं त्यांनी स्वतः पाहिलं. मादाम इनायात यांचा भाचा हल्ली कबूल करतो की, तो नंतर परत आला होता. निरीक्षक रिफअत चहाला येतात, त्यांच्या मते नीश वरून खाली उतरवला. सगळे शेवटी वग्दींकडे वळतात: उस्ताद, तुम्हीच सांगा, कसा चढला? वग्दी चहाच्या पेल्यात बघतात. शब्द जिभेच्या टोकापर्यंत येतो, मग घरची आठवण येते, आणि ते घोट गिळतात.

दगड कुठल्या खाणीतून काढले ते खुफूच्या माणसांनी लिहून ठेवलंय. नावेतून कसे आणले तेही लिहून ठेवलंय. वर कसे चढवले, तेवढंच कोणी लिहिलेलं नाही. हे केवढं गूढ आहे असं वग्दी जन्मभर वर्गात सांगत आले होते. हल्ली ते सांगत नाहीत. लिहिणाऱ्याला घरून ताकीद मिळाली असणार, एवढंच.